बर्फावरच्या उकाड्याचाही विचार व्हावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

स्कीइंगला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि सहलींच्या माहितीपत्रकांतून कपड्यांच्या ज्या याद्या दिल्या जातात, त्या जवळजवळ सगळ्या एकाच गृहीतकावर उभ्या असतात: बर्फ आहे म्हणजे कडाक्याची थंडी असणार, आणि म्हणून कपडे जितके जाड तितके चांगले. उणे 15 अंशांच्या दिवसासाठी अशी यादी योग्यच आहे. परंतु तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याहून चार-सहा अंश वर आहे, ऊन स्वच्छ पडले आहे आणि वारा थांबला आहे, असे दिवस स्कीच्या हंगामात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, भरपूर येतात. आणि त्या दिवशी हीच यादी पाळणारा माणूस तासाभरात घामाने निथळतो व पुढे त्याच ओल्या कपड्यांत चेअरलिफ्टवर, म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांवर, बसून कुडकुडतो. नवशिक्यांच्या सोबतीने अनेक वर्षे उतारावर वावरताना हे दृश्य मी वारंवार पाहिले असल्याने या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले. अशा याद्या छापताना त्या किती तापमानासाठी आहेत हे शेजारी लिहिले जावे, ही विनंती मी सुरुवातीलाच करतो आणि तिच्यामागची कारणे पुढे मांडतो.

प्रथम शरीराच्या उष्णतेचा हिशेब पाहू. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकते. मध्यम गतीने स्की करताना शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या सुमारे पाचपट होतो, जोमाने स्की करणाऱ्याचा त्याहूनही वाढतो, आणि स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येत असल्यामुळे उरलेली सगळी उष्णताच बनते. म्हणजे उतारावरची काही मिनिटे आणि लिफ्टवरची काही मिनिटे यांच्यात शरीराची गरज कित्येक पटींनी बदलते, अंगावरचे कपडे मात्र तेच असतात. कडाक्याच्या थंडीत ही तफावत काही प्रमाणात झाकली जाते, कारण हवाच जादा उष्णता ओढून नेते. सौम्य हवेत ती सोय नसते, त्यामुळे शरीर आपला दुसरा उपाय वापरते, तो म्हणजे घाम.

घाम येणे वाईट नाही, तो कपड्यांत अडकणे वाईट. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. या मापाने, आतल्या कपड्यांत केवळ 100 मिलिलिटर घाम मुरून राहिला आणि तो अंगावरच वाळायचा असेल, तर त्याला लागणारी उष्णता शांत बसलेल्या शरीराच्या 40 मिनिटांच्या सगळ्या उष्णतेएवढी भरते. ही सगळीच उष्णता शरीरातून जाते असे नाही, काही ऊन आणि हवाही देतात. तरीही आकडा विचार करायला लावणारा आहे. त्यात भर अशी की, पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ज्या तंतूंमध्ये कोरडी हवा साठून ऊब मिळायची तेथे पाणी भरले की कपडा जाड असूनही गार पडतो. उकडणे आणि गारठणे या दोन वेगळ्या तक्रारी समजल्या जातात, पण सौम्य दिवशी बहुतेक वेळा पहिलीतूनच दुसरी जन्माला येते. म्हणूनच कपडे निवडताना ‘थंडी किती आहे’ या प्रश्नाआधी ‘माझ्या अंगातून किती उष्णता निघणार आहे आणि ती बाहेर कशी पडणार आहे’ हा प्रश्न विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नवशिक्या माणूस हळू जातो म्हणून त्याला श्रम कमी पडतात आणि त्याने अधिक गरम कपडे घालावेत, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. तो पडतो, बूट आणि स्की सांभाळत उठतो, आडवी पावले टाकत पुन्हा वर चढतो, आणि तंत्र अंगवळणी पडलेले नसल्याने प्रत्येक वळणाला गरजेपेक्षा कितीतरी अधिक जोर लावतो. शिवाय वेग कमी असल्यामुळे त्याला वाऱ्याचा गारवाही मिळत नाही. नवशिक्यांचे उतार बहुधा डोंगराच्या पायथ्याशी असतात आणि उंचीतील प्रत्येक 1000 मीटरला हवेचे तापमान सरासरी 6.5 अंशांनी बदलते. म्हणजे माथ्यावरच्या केंद्राचे तापमान वाचून पोशाख करणारा नवशिक्या पुष्कळदा त्याहून पाच-सहा अंश उबदार हवेत दिवस घालवत असतो. सगळ्यात जाड कपडे आणि सगळ्यात जास्त घाम, हा जोड त्याच्याच वाट्याला येतो.

तापमानाच्या आकड्याबरोबर ऊन आणि वारा यांचाही विचार करावा लागतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा 80 ते 90 टक्के भाग परत फेकतो, त्यामुळे उघड्या उतारावर ऊन वरून आणि खालून असे दोन्हीकडून लागते आणि गडद रंगाचे जॅकेट लवकर तापते. उलट वेगाचा परिणाम गारव्याकडे झुकतो: कॅनडा आणि अमेरिकेत 2001 पासून रूढ असलेल्या सूत्राप्रमाणे 5 अंश तापमानात ताशी 40 किलोमीटर वारा लागला, तर उघड्या त्वचेला साधारण उणे 1 अंशासारखा गारठा जाणवतो. यातून निघणारा निष्कर्ष पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा गारठा वाऱ्याचा असतो आणि तो अडवायला वारा न शिरणारे एक पातळ कापड पुरते. त्यासाठी कापसासारखे फुगीर अस्तर अंगावर वागवण्याची गरज नसते.

म्हणून जॅकेटच्या निवडीबद्दल मी स्पष्टपणे लिहितो. ऊबदार अस्तर आतून कायमचे शिवलेले जॅकेट हे सौम्य दिवसासाठी गैरसोयीचे वस्त्र आहे, कारण त्यात वारा अडवणे आणि ऊब धरणे ही दोन कामे एकमेकांना बांधून टाकलेली असतात. ऊब नको झाली की वाऱ्यापासूनचे संरक्षणही सोडावे लागते. त्याऐवजी अस्तर नसलेले, पाणी व वारा अडवणारे पातळ जॅकेट, ज्याला शेल म्हणतात, ते घ्यावे आणि ऊब त्याच्या आतल्या वेगळ्या कपड्यांवर सोपवावी. ज्यांना एकच जॅकेट विकत घ्यायचे आहे त्यांनीही शेलच घ्यावे असे माझे मत आहे, कारण पातळ जॅकेटखाली थंडीच्या दिवशी थर वाढवता येतात, पण जाड जॅकेटमधले अस्तर उन्हाच्या दिवशी काढता येत नाही. मापाने ते किंचित सैल असावे, म्हणजे आत हवा खेळते आणि थरांचा फुगीरपणा दबत नाही.

शेल घेताना लेबलवरच्या दोन आकड्यांत गोंधळ होऊ देऊ नये. मिलिमीटरमध्ये दिलेला 10,000 किंवा 20,000 हा आकडा पाण्याचा किती दाब कापड सहन करते ते सांगतो. बाष्प बाहेर सोडण्याची क्षमता त्यापासून वेगळी असते आणि ती बहुधा एका चौरस मीटरमधून 24 तासांत जाणाऱ्या बाष्पाच्या ग्रॅमांत दिलेली असते. हा दुसरा आकडा मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. आयएसओ 11092 या मानकानुसार मोजलेला ‘आरईटी’ हा बाष्पविरोधाचा आकडा दिलेला असल्यास तो पाहावा; तो जितका लहान तितके कापड मोकळे, आणि 6 च्या खालचे कापड साधारणपणे फार चांगले समजले जाते. बॉब गोर यांनी 1969 मध्ये पीटीएफई हा प्लास्टिकचा एक प्रकार ताणून त्याचे सूक्ष्म छिद्रांचे पटल बनवले आणि 1976 पासून तशा कापडाचे कपडे मिळू लागले, तेव्हापासून या पटलांत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. तरीसुद्धा कोणतेही पटल जोमाने स्की करणाऱ्या माणसाचा सगळा घाम वेळेवर बाहेर टाकू शकत नाही. बाहेरचे कापड ओलसर होऊन चिकट पडले, किंवा घामाचा तेलकटपणा त्यात साचला, तर ते आणखी मंदावते. म्हणून शेल वेळोवेळी धुवावे आणि धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत.

जे काम पटलाला झेपत नाही ते झिप करते. काखेखालच्या लांब झिपा, मांडीच्या बाजूच्या झिपा, दोन्ही टोकांकडून उघडणारी पुढची झिप आणि मनगटाच्या सैल करता येणाऱ्या पट्ट्या यांतून बाष्पाबरोबर गरम हवाच बाहेर पडते, आणि वेगात असताना बाहेरची कोरडी हवा आत फिरते. दोन जॅकेटांमध्ये निवड करायची झाली आणि एकाचे कापड अधिक भारी पण काखेत झिपा नाहीत, तर दुसऱ्याचे कापड साधे पण झिपा लांबलचक आहेत, तर मी विनासंकोच दुसरे घेण्यास सांगेन. मात्र हातमोजे न काढता त्या झिपा उघडता येतात का, हे विकत घेतानाच करून पाहावे, कारण जी झिप उघडायला थांबावे लागते ती प्रत्यक्षात कोणीच उघडत नाही.

अंगालगतच्या कपड्याविषयी पहिला नियम सर्वांना ठाऊक असतो, पण पाळला जात नाही: सुती बनियन किंवा सुती टी-शर्ट घालू नये. सुती धागा पाणी शोषतो, धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच पाणी शोषत नाही, त्यामुळे घाम कापडाच्या पृष्ठभागावर पसरून लवकर उडून जातो. ज्यांना फार घाम येतो त्यांच्यासाठी सौम्य दिवशी हाच पर्याय मला अधिक योग्य वाटतो. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि तिला दुर्गंधीही लवकर येत नाही, पण एकदा पूर्ण भिजली की ती वाळायला अधिक वेळ घेते. लोकरच हवी असेल तर चौरस मीटरला 150 ग्रॅमच्या आसपास वजनाची घ्यावी. 250 ग्रॅमचे जाड थर्मल हे गोठवणाऱ्या दिवसांसाठी राखून ठेवावे. गळ्याशी छोटी झिप असलेला सदरा बंद गळ्याच्या सदऱ्यापेक्षा कितीतरी सोयीचा पडतो. नॉर्वेच्या लष्करातील अधिकारी हेन्रिक ब्रुन यांनी 1933 मध्ये मासेमारीच्या जाळ्यांपासून अंगात घालायचे बनियन तयार केले होते, आणि त्याच कल्पनेवरचे जाळीदार बनियन आजही मिळतात: जाळीच्या मोठ्या भोकांत हवा राहते, ओला कपडा त्वचेला चिकटत नाही, आणि वरची झिप उघडताच आतली सगळी गरम हवा निघून जाते. दिसायला ते विचित्र वाटते, पण ज्यांना घामाचा फार त्रास होतो त्यांनी ते अवश्य वापरून पाहावे.

मधल्या थराच्या बाबतीत सौम्य दिवशी बहुतेकांना एक पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचा कपडा, पुरते, आणि तापमान 5 अंशांच्या वर असून ऊन असेल तर पुष्कळांना तेही लागत नाही. फ्लीसमधून हवा आरपार जाते हा त्याचा गुण आहे, कारण शेल उघडले की लगेच थंडावा मिळतो आणि बंद केले की ऊब परत येते. पिसांचे जॅकेट मात्र या दिवशी आत घालू नये. पिसे घामाने ओली झाली की त्यांचा फुगीरपणा आणि त्याबरोबर ऊबही जाते. ज्यांना पाठ-पोटाला काही तरी असावे असे वाटते त्यांनी बिनबाह्यांचे पातळ जाकीट घ्यावे, त्यात काखा मोकळ्या राहतात आणि ते घडी करून खिशातही मावते.

एका बाबतीत मात्र सौम्य हवा अधिक कडक शिस्त मागते, ती म्हणजे बाहेरच्या पाण्याची. उणे 15 अंशांचा बर्फ कोरड्या पिठासारखा अंगावरून झटकून टाकता येतो. शून्याच्या वरचा बर्फ ओला असतो, लिफ्टची बैठक ओली असते, आणि एकदा पडले की विजार भिजते. त्यामुळे उकडते म्हणून जीन्स किंवा साध्या व्यायामाच्या विजारीत उतारावर जाणारे लोक एक त्रास टाळून दुसरा पदरात घेतात. स्कीची विजार पाणी अडवणारीच हवी, फक्त ती अस्तर नसलेली असावी आणि मांडीला झिपा असाव्यात. तिच्या आत पातळ थर्मल किंवा गुडघ्याखालपर्यंतचे थर्मल पुरते, ज्याचा शेवट बुटाच्या वर होत असल्याने बुटात घडी अडकून टोचत नाही. तसेच कितीही छान ऊन पडले तरी उघड्या हातांनी किंवा अर्ध्या बाह्यांत स्की करू नये. वितळून पुन्हा गोठलेला वसंतातला बर्फ पडल्यावर कातडी सोलून काढतो, आणि अतिनील किरणांची तीव्रता उंचीच्या प्रत्येक 1000 मीटरला सुमारे 10 टक्क्यांनी वाढत असते. पातळ, लांब बाह्यांचा कपडा या दोन्हींपासून वाचवतो.

हात, पाय आणि डोके यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. मोजे पातळ आणि एकच जोडी घालावेत. दोन जोड्यांनी पाय घामेजतात, बुटात दाब वाढतो आणि शेवटी पाय गारच पडतात. हातमोजे पातळ, पण तळवा मजबूत असलेले घ्यावेत, आणि उकडते म्हणून काढून टाकू नयेत, कारण स्कीच्या कडा धारदार असतात. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे जुने विधान खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून थोडे कमी असते आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात सोडते. तरीही हेल्मेटखाली लोकरी टोपी घालण्याची सवय सौम्य दिवशी सोडावी, कारण टोपीने घाम वाढतो, गॉगलच्या काचेवर धुके जमते आणि हेल्मेटही नीट बसत नाही. उघड-बंद होणाऱ्या झरोक्यांचे हेल्मेट घेणे उत्तम. काच ‘एस 3’ वर्गाची, म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडणारी असावी, आणि विश्रांतीच्या वेळी गॉगल घामेजलेल्या कपाळावर चढवू नये, कारण धुके जमण्याचे तेच सर्वांत मोठे कारण असते.

योग्य कपडे घेऊनही ते चुकीच्या वेळी उघडले तर उपयोग होत नाही. सकाळी बाहेर पाऊल टाकताना किंचित गारवा जाणवला पाहिजे. दारातच छान ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे असे समजावे. झिपा घाम आल्यावर उघडण्यात अर्थ नाही, त्या पहिल्या उतारापूर्वीच उघडाव्यात, खाली पोहोचल्यावर रांगेत उभे असताना आतली वाफ निघून जाऊ द्यावी आणि लिफ्टवर बसण्याआधी बंद कराव्यात. एका दिवसात सकाळचा कडक गोठलेला उतार आणि दुपारचा पाणथळ बर्फ असे दोन्ही भेटत असल्याने, काढलेला थर ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. जॅकेट कमरेला बांधून लिफ्टवर बसणे धोक्याचे आहे. लोंबणाऱ्या बाह्या आणि पट्टे बैठकीत अडकतात. पाठीवरच्या सॅकचेही तसेच आहे, आणि तिच्याखाली पाठ सर्वांत जास्त घामाघूम होते. म्हणून काढावा लागणारा थर मुळात पातळच असावा, म्हणजे तो खिशात जाईल, किंवा पायथ्याशी ठेवता येईल. तेथेच प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा ठेवला आणि दुपारी तो बदलला, तर उरलेला अर्धा दिवस वेगळाच जातो.

शेवटी लहान मुलांविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्याला उकडते आहे हे ती पुष्कळदा सांगत नाहीत, नुसती चिडचिडी होतात किंवा बसून राहतात, आणि मोठी माणसे त्याला थकवा किंवा हट्ट समजतात. वजनाच्या मानाने मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात हे खरे. पण याच भीतीने त्यांना इतके गुंडाळले जाते की, ती पहिल्या अर्ध्या तासातच आतून ओली होतात आणि मग खरोखरच गारठतात. त्यांच्या बाबतीत गालांच्या लालीवरून किंवा हातांच्या गारव्यावरून अंदाज बांधू नये, तर मानेच्या मागून कॉलरमध्ये दोन बोटे घालून पाहावे: त्वचा ओलसर लागली तर एक थर ताबडतोब उतरवावा, कोरडी आणि ऊबदार लागली तर काहीही बदलू नये, गार लागली तर थर वाढवावा. मुलांसाठी भाड्याने मिळणारे पोशाख बहुधा एकसंध आणि जाड अस्तराचे असतात, ज्यांत काहीच कमी-जास्त करता येत नाही. म्हणून जॅकेट आणि विजार वेगवेगळी मागून घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर त्या पोशाखाच्या आत एका पातळ पॉलिएस्टरच्या सदऱ्याखेरीज काही घालू नये.

आपला नम्र,
एक वाचक